पापुद्र्यावरील चुंबकाचा अंमल

परभणीच्या जिंतूर रस्त्यावर विजेवर चालणाऱ्या रिक्षाचा चालक मूठ पिळतो, त्या वेळी मुठीतील चिमुकला लोहचुंबक एका अर्धवाहक चकतीजवळून सरकतो, आणि तिच्या दोन कडांमध्ये उत्पन्न होणारा अल्पसा विद्युत्दाब मोटारीस वेगाचा हुकूम देतो. या व्यवस्थेचे मूळ १८७९ सालच्या प्रयोगात आहे. अमेरिकेतील एडविन हॉल या विद्यार्थ्याने काचेवर चिकटविलेला सोन्याचा वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून त्यातून प्रवाह सोडला, तेव्हा धावते विद्युत्भार एका कडेस ढकलले जाऊन आडवा दाब निर्माण झाल्याचे त्यास आढळले. पापुद्रा जितका पातळ, तितका हा दाब अधिक. सबब मिठाईवर मिरविणारा वर्ख शास्त्राच्या दरबारी रुजू झाला, याची मला मौज वाटते.

पुढे १९८८ मध्ये फेर व ग्रुनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखविले की, लोह आणि क्रोमियम यांचे नॅनोमीटरभर जाडीचे थर एकावर एक रचल्यास चुंबकीय क्षेत्रात त्यांचा विद्युत्रोध लक्षणीय घटतो. लोहाच्या लगतच्या थरांची चुंबकीय दिशा परस्परविरुद्ध असता इलेक्ट्रॉनांची वाट अडते, दिशा एक होताच ती मोकळी होते. त्यांस २००७ चे नोबेल मिळाले, आणि संगणकाच्या हार्ड डिस्कमधील वाचनशीर्षांत हाच गुण कामी आला.

प्रकाशही या अंमलातून सुटत नाही. चुंबकित पृष्ठावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचे ध्रुवणप्रतल किंचित वळते, हे जॉन केर यांनी १८७७ मध्ये पाहिले. आज संशोधक त्याच वळणावरून, पापुद्र्यास स्पर्शही न करता, त्यातील चुंबकीय प्रदेशांच्या सरहद्दी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळतात.