अभिरक्षकाची नोंदवही

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत. अडकित्ते, वज्री, दिवे, चुन्याच्या डब्या अशा नित्याच्या वापरातील वस्तूच त्यांत अधिक. काका केळकरांनी १९२० च्या सुमारास हा संग्रह आरंभिला, बालवयात निवर्तलेल्या आपल्या पुत्राचे नाव त्यास दिले आणि १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अशा हस्तांतरानंतर संग्राहकाचे व्रत संपते आणि अभिरक्षकाचे कर्तव्य सुरू होते.

‘क्युरेटर’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ काळजी घेणे असा आहे. सरकारी मराठीत त्यास ‘अभिरक्षक’ म्हणतात. या नावामुळे किल्ल्यांचा जुडगा बाळगणारा अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. पण कुलूप लावणे हा त्याच्या कामाचा अल्पांश होय.

पितळी अडकित्ता मोडीत घातला तर त्याचे मोल वजनावर ठरते. तो कोणत्या गावी, कोणाच्या घरी, केव्हा मिळाला हे ठाऊक असले की तोच समाजेतिहासाचा पुरावा बनतो. धातू तोच, वाढलेले मूल्य सर्वस्वी माहितीचे. ही माहिती वस्तूवरील क्रमांक आणि नोंदवहीतील ओळ यांच्या मेळावर टिकून असते. चोरीस गेलेली वस्तू कधीकाळी हाती लागू शकते. हरवलेल्या नोंदीची भरपाई मात्र क्वचितच होते. कुलूप शाबूत असतानाही संग्रह लुटला जाऊ शकतो, तो असा.

कागद व वस्त्रे यांवरील प्रकाश ५० लक्सच्या आसपास राखणे, दमट हवा आणि कसर यांपासून त्यांना जपणे, हेही त्याचेच काम. शिवाय सर्व वस्तू एकाच वेळी मांडता येत नाहीत. दर्शनी कपाटात सरदाराची तलवार ठेवावी की अनामिक गृहिणीची वज्री, या निवडीतून विद्यार्थ्यांपुढे कोणाचा इतिहास येणार हे ठरते.

असे असूनही हे पद उपेक्षित का राहते? नव्या दालनाचे उद्घाटन होते. नोंदवहीचे होत नाही. अभिरक्षकाची जागा रिकामी ठेवून कार्यालयातील लिपिकाकडे अतिरिक्त कार्यभार सोपविला तर दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. हानी दिसते ती वीस वर्षांनी, आणि तेव्हा जबाबदारी कोणाची हेही सांगता येत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात पुरावस्तूंच्या नोंदी व पडताळणी यांतील उणिवांवर बोट ठेवले होते, ते यासाठीच दखलपात्र ठरते.

यंत्र घ्यावयाचे आणि त्याच्या देखभालीस पैसा ठेवावयाचा नाही, हा व्यवहार कोणताही कारखानदार करणार नाही. संग्रहालयाच्या इमारतीस ज्या ठरावाने मंजुरी मिळते, त्याच ठरावात प्रशिक्षित अभिरक्षकाच्या कायम पदाची आणि वार्षिक पडताळणीच्या खर्चाची तरतूद असावी, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.