कुरणांतील पाणीपुरवठा : ग्रेट आर्टेशियन खोरे

चरणाऱ्या जनावरांना कुरणातच पुरेसे व स्वच्छ पाणी मिळावे म्हणून केलेल्या व्यवस्थेस कुरणातील पाणीपुरवठा म्हणतात. जनावरे पाणवठ्यापासून फार दूर जात नाहीत. त्यामुळे पाणवठ्याजवळची जमीन तुडवली जाऊन उघडी पडते, तर दूरचे गवत न चरताच वाळते. या व्यवस्थेतील सुधारणेचे महत्त्वाचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील ग्रेट आर्टेशियन खोऱ्यात आढळते.

हे भूजलखोरे क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया व नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशांत सु. १७ लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरले आहे. त्यातील सच्छिद्र वालुकाश्मातले पाणी वरील अपार्य थरांमुळे दाबाखाली असते व छिद्र पाडताच आपोआप वर येते. १८७८ मध्ये बर्क गावाच्या परिसरात पहिली वाहती कूपनलिका खोदण्यात आली. पुढे अशा कूपनलिकांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांचे पाणी उघड्या चरांतून कित्येक किमी. दूर मेंढ्या व गुरांपर्यंत नेले जाई. ही पद्धत स्वस्त असली, तरी पाझर व बाष्पीभवन यांमुळे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी वाया जाई. दाब घटल्याने अनेक कूपनलिका वाहण्याच्या थांबल्या, नैसर्गिक झरे आटले व केवळ त्या झऱ्यांतच आढळणाऱ्या मासे, गोगलगायी इत्यादींच्या जाती धोक्यात आल्या. सावली व चाऱ्यासाठी नेलेली भारतीय उपखंडातील बाभूळही क्वीन्सलँडमध्ये या चरांच्या काठाने फोफावली व गवताळ जमिनीचे तण ठरली.

उपाय म्हणून १९९९–२०१७ या काळात केंद्र व राज्य शासनांनी जमीनधारकांच्या सहभागाने संयुक्त योजना राबविली. तीनुसार गंजलेल्या नलिका दुरुस्त करून अथवा बुजवून चालू नलिकांच्या तोंडांशी झडपा बसविण्यात आल्या व चरांऐवजी नळ टाकण्यात आले. येथील पाणी सु. ३०° ते १००° से. तापमानाचे असल्याने, ते फार गरम असेल तेथे प्लॅस्टिकच्या नळांत सोडण्यापूर्वी थंड करावे लागते. नळांचे पाणी हौदांत पडते. तरंगत्या गोळ्याला जोडलेली झडप हौद भरताच बंद होते व पातळी उतरताच उघडते. हौद योग्य अंतरांवर असल्यास चराई समप्रमाणात होते; एखादा हौद बंद ठेवून त्या भागातील गवताला विश्रांती देता येते व रानटी शेळ्या-डुकरांनाही आळा बसतो.

या पद्धतीत देखरेख मात्र अपरिहार्य असते. नळ फुटल्यास किंवा झडप अडकल्यास उन्हाळ्यात अल्पावधीतच जनावरांच्या जिवावर बेतते. काही भागांत भूजलाचा दाब पुन्हा वाढला आहे. तथापि शतकभरातील हानी भरून येण्यास दीर्घ काळ लागेल.