कामतृप्ती आणि गर्भधारणा

नवरा फोनच्या निमित्ताने बाहेर गेला, की मांडीवर कागदांनी फुगलेली फाईल घेऊन बसलेली स्त्री आवाज खाली आणते आणि विचारते, "डॉक्टर, मला ते सुख म्हणतात तसं काही होतच नाही, म्हणून तर दिवस राहत नसतील ना?" हा प्रश्न माझ्या खोलीत इतक्या वेळा, आणि इतक्या अपराधी स्वरात, रुजू झालेला आहे की आता तो ऐकताना मला संताप येतो, तिचा नव्हे, तर ज्या कोणा जाणत्या बाईने अथवा मोबाइलवरच्या स्वयंघोषित वैद्याने तिच्या देहावर हा आरोप ठेवला, त्यांचा.

गर्भधारणेसाठी स्त्रीची कामतृप्ती आवश्यक नाही. मांजर आणि ससा यांच्या माद्यांत समागमाच्या उत्तेजनाने बीज सुटते, हे खरे. परंतु मानवी स्त्रीचे बीज मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या हुकमाने, ऋतुचक्रातील आपल्या मुदतीला सुटते, मग त्या रात्री ती सुखात असो, कंटाळलेली असो, की माहेरी एकटी निजलेली असो. तृप्तीच्या क्षणी गर्भाशय वीर्य आत ओढून घेते, असा युक्तिवाद यावर काही सुशिक्षित करतात. त्यांनी 1973 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहावा: ज्यांच्या गर्भनलिका शस्त्रक्रियेने काढावयाच्या होत्या अशा स्त्रियांच्या योनिमार्गात वीर्य ठेवले असता, अवघ्या पाच मिनिटांनी काढलेल्या नलिकेतही शुक्रजंतू सापडले, आणि तेथे कामसुखाचा प्रश्नच नव्हता. त्याही पूर्वी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्पालान्झानी या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञाने कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडले, आणि 62 दिवसांनी तिने तीन पिल्ले दिली. आज कृत्रिम रेतनाने आणि परीक्षानळीतून जन्मलेली लक्षावधी मुले हाच दाखला देत हिंडत आहेत.

ही समजूत केवळ भाबडी असती तर मी तिच्यावर शाई खर्च केली नसती. गर्भ राहण्यास स्त्रीचेही बीज स्रवावे लागते आणि ते सुखाबरोबर स्रवते, हे ग्रीक वैद्य गॅलेनचे मत युरोपात शतकानुशतके मान्य होते. त्याच परंपरेत 1788 साली सॅम्युअल फार या इंग्रज वैद्याने न्यायवैद्यकाच्या आपल्या ग्रंथात लिहिले, की सुखावाचून गर्भ राहत नाही, म्हणजेच बलात्कारित स्त्रीला दिवस गेले तर तिची फिर्यादच खोटी ठरावी! शयनगृहातली एक कंडी न्यायालयात जाऊन कशी बसते, ती अशी.

येथे र. धों. कर्वे आठवतात. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या आणि 1927 ते 1953 एवढा काळ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविणाऱ्या या माणसाने कामसुख आणि संतती ही दोन वेगळी खाती आहेत, हे आपल्याला कधीच सांगून ठेवले होते. स्त्रीला सुख मिळावेच; पण ते तिचा हक्क म्हणून, पाळणा हलावा यासाठीचा उपाय म्हणून नव्हे.

उरलेल्या समजुती चटकन निकालात काढतो. समागमानंतर भिंतीला पाय लावून अर्धा तास पडून राहण्याने काही साधत नाही. बाहेर ओघळणाऱ्या द्रवाबरोबर संधीही ओघळते असे नाही. आसन कोणतेही चालते. वीर्य 'साठवून' ठेवल्याने त्याचा कस वाढत नाही, उलट फार दिवसांच्या खंडाने शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. थुंकी आणि बाजारातली काही वंगणे त्यांना मारक ठरतात. मनुस्मृतीतला सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या हा हिशेब निराधार आहे. लिंग ठरते ते पित्याच्या शुक्रजंतूवरून. चौदावा दिवस ही ब्रह्मरेषा नव्हे: बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी, म्हणून ज्यांचे चक्र लांब त्यांचा दिवसही लांबतो. संशोधक विलकॉक्स यांच्या 1995 च्या अभ्यासात गर्भधारणा बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहाच दिवसांतील समागमाने झालेली आढळली. तेव्हा त्या सुमारास एक दिवसाआड जवळ यावे. एवढे पंचांग पुरे.

आणि शय्येवरचा पराक्रम हा वीर्याच्या गुणाचा पुरावा नव्हे, हे बाहेर फोनवर बोलणाऱ्या गृहस्थांसाठी. पत्नी पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, आणि पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून यावे. अपत्यहीनतेच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे अथवा वाटेकरी असते, आणि वीर्याची तपासणी ही सर्वांत स्वस्त नि बिनदुखाची तपासणी आहे. त्या फुगलेल्या फायलीत पत्नीच्या सोनोग्राफ्या असतात, रक्ताचे अहवाल असतात, कधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचाही कागद असतो; नवऱ्याच्या नावाचा मात्र बहुधा एकही नसतो.