इंजिन धुवायचं की पुसायचं? खाऱ्या वाऱ्यातली गाडी

मी रत्नागिरीतून बोलतोय आणि आजचा भाग आहे बॉनेटखालचा. पाऊस तोंडावर आला की एक प्रश्न हमखास येतो: "इंजिन धुऊन घेऊ का?" माझं उत्तर: धुऊ नका, पुसा. का, ते सांगतो.

आपल्याकडे बॉनेटखाली तीन गोष्टी साचतात. जांभ्याची तांबडी धूळ, झाडांचा पालापाचोळा आणि समुद्राचं मीठ. पहिल्या दोन दिसतात, मीठ दिसत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. लाट फुटली की त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर येतात. मांडवी, भाट्ये, मिऱ्या इथल्या लोकांना हे खिडकीचे गंजलेले गजच सांगतात. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून गंज लवकर चढतो आणि वायरींचे जोड हिरवट पडतात.

मग प्रेशर वॉशर मारला तर? नळाचं पाणी कमी दाबाने येतं, घरगुती वॉशरचं 100 बारच्या आसपास. एवढ्या जोराने पाणी रबरी सील ओलांडून कनेक्टरमध्ये शिरू शकतं. त्या दिवशी गाडी झकास चालते. बिघाड निघतो नंतर, कदाचित भर पावसात आंबा घाटात.

दुसरा प्रकार म्हणजे डिझेल किंवा रॉकेल मारून चमकवणं. ते रबरी पाइप फुगवतं, त्यावर धूळ आणखी चिकटते आणि गरम एक्झॉस्टजवळ राहिलं तर आगीचा धोका. चमक दोन दिवसांची, जोखीम फुकटची.

आता पद्धत. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. आत उंदराचं घरटं, कुरतडलेली वायर आहे का बघा. बॅटरीची वायर काढणार असाल तर आधी मायनस. कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला, तर मायनस जोडलेली असल्यास थेट शॉर्ट होतो. लावताना उलट, मायनस शेवटी.

अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने बांधा. सुक्या ब्रशने धूळ झाडा. मग गोड्या पाण्यात थोडा कार शॅम्पू, फडकं घट्ट पिळून पुसा. शेवटी नुसत्या ओल्या फडक्याने एक हात. हे विहिरीपासून लांब करा, तेलकट पाणी तिथे जायला नको. पिशव्या काढा, बॉनेट उघडं ठेवून सगळं नीट सुकू द्या आणि मगच इंजिन चालू करा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

आणि वेळ अगदीच नसेल तर एवढं तरी करा: वायपरखालच्या जाळीतली पानं हाताने काढा. त्याखाली पाणी वाहून जायची भोकं असतात. ती तुंबली की पावसाचं पाणी गाडीच्या आत, पायाखाली उतरतं. पाच मिनिटांचं काम आहे, या रविवारी उरकून टाका. भेटू पुढच्या भागात!