हँडल निखळतं तेव्हा

भोसरीत माझं ब्रेझिंगचं छोटं वर्कशॉप आहे. लेथच्या टूलला कार्बाइडच्या टिपा बसवायच्या, हे रोजचं काम. बंदूक मी कधी चालवलेली नाही, पण अमेरिकेतली रेमिंग्टन ७०० ही रायफल मला आमच्या धंद्यातलीच वाटते. तिच्या बोल्टचं हँडल ब्रेझिंगनं जोडलेलं असतं आणि ते कधीमधी निखळतं, अशी तिची जुनी ख्याती आहे.

बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा. हँडल उचलून मागे ओढलं की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलून खाली दाबलं की नवं बसतं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीत, किंवा जर्मन माउझर ९८ मध्ये, हँडल आणि बोल्टचा दांडा एकाच पोलादातून घडवलेला. भक्कम, पण खर्चिक. रेमिंग्टननं १९४८ साली ७२१ आणि ७२२ ही मॉडेलं काढली ती स्वस्तात भरपूर बनवण्यासाठी. बोल्टचे सुटे भाग करून ते ब्रेझ केले. १९६२ च्या ७०० नं तीच रीत ठेवली. तिच्यावर बेतलेली एम-४० अमेरिकी मरीन सैनिकांनी १९६६ मध्ये स्वीकारली आणि व्हिएतनाममध्ये वापरली. तेव्हा ‘डाग दिलेलं काम, किती टिकणार?’ असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो.

ब्रेझिंगमध्ये मूळ पोलाद वितळत नाही. दोन तुकड्यांच्या फटीत रॉडचा मिश्रधातू वितळतो आणि वातीत तेल चढावं तसा आत ओढला जातो. ४५ टक्के चांदीचा जुना रॉड साधारण ६२० अंशाला पाण्यासारखा होतो. त्यात कॅडमियम असतं, त्याचा धूर विषारी, म्हणून आता कॅडमियमविरहित रॉड वापरतात. खरी गोम फटीत आहे. ती मिलिमीटरच्या विसाव्या ते आठव्या भागाइतकी हवी. एवढ्या पातळ थरात सांधा नुसत्या चांदीच्या रॉडपेक्षाही जास्त ताण सोसतो, कारण दोन्हीकडचं पोलाद त्या थराला आडवं आकसू देत नाही. फट वाढली की हा फायदा गेला.

सोपा हिशेब करू. सांधा १२ मिलिमीटर रुंद, १२ उंच धरा आणि हात सांध्यापासून ६० मिलिमीटरवर. २० किलोचा जोर लावला तर सांध्याच्या कडेला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४ किलो ताण येतो. नीट भरलेला सांधा वीसच्या पुढेही सहज जातो. आता समजा, वरची अर्धी उंची कोरडी राहिली. ताण दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे जवळपास १७. तरीही हँडल तुटत नाही! वर्षानुवर्षं चालतं, मालकाला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस काडतूस अडकतं, कोणीतरी हँडलवर लाकडी हातोडा घालतो आणि कडेपासून सांधा सोलत जातो. दोष हातोड्याला लागतो.

अशा फुटलेल्या सांध्याचं तोंड बघण्यासारखं असतं. कामगार नवा असला की मी त्याचा नमुना वाइसमध्ये धरून मुद्दाम मोडून दाखवतो. चांदी जिथे पोलादाला धरली तिथे करडा, खरखरीत, सलग पट्टा. मध्येच काचेसारखे काळे डाग, तो अडकलेला फ्लक्स, म्हणजे सांधा स्वच्छ ठेवणारं रसायन. कुठे निळसर गुळगुळीत पोलाद, तिथे धातू पोचलाच नाही. बाहेरून मात्र सगळीकडे चकचकीत गोलाई! त्यामुळे कडेच्या चमकीवर मी अजिबात जात नाही. रॉड एका बाजूनं लावायचा आणि चांदी पलीकडून बाहेर आलेली बघायची. दोन्हीकडून लावली तर आत काय राहिलं ते कळत नाही.

निखळलेल्या हँडलच्या दुरुस्तीत उष्णता सांभाळणं हे सगळ्यात किचकट. हँडलच्या अगदी जवळ, बोल्टच्या दांड्यातच, फायरिंग पिन ताणणारा उतार कापलेला असतो. ज्योत रेंगाळली तर त्याचं पोलाद मऊ पडतं, मग तो झिजतो आणि बोल्ट उचलायला जड होतो. पुढच्या टोकाला स्फोटाचा दाब पेलणारे लग असतात, त्यांचं पाणी उतरलं तर बोल्ट भंगारातच जायला हवा. म्हणून पुढचा भाग ओल्या चिंध्यांत किंवा उष्णतारोधक लेपात ठेवून मोठ्या ज्योतीनं झटपट तापवतात. अमेरिकेतले बरेच बंदूक-कारागीर आता ब्रेझिंग सोडून मूळ पोलादच वितळवणारं टिग वेल्डिंग करतात. सॅव्हेज या दुसऱ्या रायफल कंपनीनं तर हँडल स्क्रूनं आवळायची सोय आधीपासूनच ठेवली आहे.

पण पुन्हा जोडताना हँडल नुसतं घट्ट बसून भागत नाही. ७०० मध्ये हँडलच्या मुळाशी एक तिरपा माथा असतो. बोल्ट उचलताना तो रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्याच्या, मागच्या उतारावर घासत बोल्टला किंचित मागे ढकलतो आणि चिकटलेलं काडतूस सुटतं. हँडल थोडं मागे जोडलं गेलं तर माथा उतारावर नीट टेकत नाही, काडतुसं अडकू लागतात आणि हातोडा पुन्हा बाहेर निघतो.