पोवळं: अंगठीतलं आणि पाण्यातलं

परभणीत पोवळं म्हणजे अंगठीतलं. मंगळ आडवा आला की गुरुजी सांगतात आणि सराफ तोलून देतो. आजोबांच्या बोटात होतं, लालभडक. त्यामुळे मालवणच्या जेटीवर होडीवाला ‘कोरल दाखवतो’ म्हणाला तेव्हा मला तोच रंग दिसला.

“खंयसून इलात?”

“परभणीहून.”

“म्हणजे समुद्र नाय.”

“गोदावरी आहे की, गंगाखेडला.” तो नुसता हसला.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला वळसा घालून होडी खडकांपाशी थांबली. हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण २९ चौरस किलोमीटर, त्यातला किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा तीनेक चौरस किलोमीटरचा भाग गाभ्याचा. होडीवाल्यानं काचेच्या आतून थुंकी चोळली, म्हणजे वाफ धरत नाही, आणि मुखवटा माझ्या तोंडावर आवळला. नाक बंद. नळी दातांत धरायची, श्वास तोंडानं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं आम्ही. पाण्यात तोंड मिटायचं हाच पहिला धडा. चार वेळा खारं पाणी प्यायलो, मग जमलं.

टीव्हीवर कॅरिबियन बेटांचं काचेसारखं निळं पाणी पाहिलेलं. इथं हिरवट, गढूळ, हातभर पुढचं अंधुक. खाली शेणाच्या गोवऱ्या थापाव्यात तसे तपकिरी गोळे. हेच? निराशच झालो. पण होडीवाल्यानं मी धरलेली तरंगती रिंग ओढत मला एका गोळ्यावर नेऊन थांबवलं. बोटभर अंतरावरून पाहिलं तर तो दगड नव्हता. बारीक फुलांसारखी शेकडो तोंडं लाटेबरोबर डुलत होती. एकेक तोंड म्हणजे एक प्राणी, आणि खालचा चुन्याचा गोळा त्यांनी मिळून बांधलेलं घर. बहुतेक जाती दिवसा तोंडं आत ओढून घेतात, ही एक उघडी राहते.

तो तपकिरी रंग त्यांच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा. ते उन्हात अन्न करतं, त्यावर यांचं बरंचसं पोट चालतं. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं आणि गोळा पांढरा पडतो. म्हणजे मला कळकट वाटलेला रंग जिवंतपणाचा होता. आजोबांचं पोवळं वेगळ्याच जातीचं, परक्या समुद्रातल्या प्राण्याचा घासून चकचकीत केलेला सांगाडा.

“पाय वर, काका! टेकू नकात!” त्याचा एक हात रिंगवर, दुसरा माझ्या घोट्याखाली. तासभर हेच चाललं होतं. २००१ पासून या प्रवाळांना कायद्यानं वाघाइतकं संरक्षण आहे, पण पर्यटकाची टाच कायदा वाचत नाही.

तेवढ्यात शेजारी दुसरी होडी आली आणि तिचा नांगर खडकांवर खडखडला. आमच्यावाल्यानं मालवणीत दोन शब्द हासडले, मला रिंगला लटकवलं आणि बुडी मारली. तो नांगर दोन्ही हातांनी छातीशी धरून पलीकडच्या वाळूकडे चालत गेला, खाली, श्वास कोंडून.