न दाबलेला सूर

चाकूरकडच्या सप्ताहांत हे हमखास घडतं. गजर टिपेला पोचतो, बुवा हात वर करून थांबवतात, पेटीवाला बोटं उचलतो, तरी एक सूर बारीक कण्हत राहतो. पेटीवाला त्या पट्टीला टिचकी मारतो आणि म्हणतो, "स्प्रिंग ढिली झाली, महाराज." बहुतेकदा खरंच तसं असतं.

पेटीच्या प्रत्येक पट्टीचं मागचं टोक म्हणजे एका भोकावरचं झाकण. पट्टी दाबली की ते उचलतं आणि हवा पितळी सुरातून बाहेर पडते. सोडली की तारेची स्प्रिंग झाकण परत बसवते. पण भात्यातली हवा ते खालून सतत वर ढकलत असते. समजा, हवेचा दाब ५ सेंटिमीटर पाण्याइतका आणि भोक ४ चौरस सेंटिमीटरचं आहे. मग झाकणावर २० ग्रॅम वजनाइतका जोर येतो. स्प्रिंग त्याहून कमजोर असली की सूर न दाबताच बोलतो. घरी हलक्या भात्यावर गुणी वाटणारी पेटी गजरातच उघडी पडते, ती यामुळे.

पियानोत सूर थांबवण्याचं हेच काम डॅम्पर करतो, फक्त वाजणारी तार गप्प करून. ग्रँड पियानोत तो मुख्यतः स्वतःच्या वजनाने तारेवर पडतो. काही बनावटींत मदतीला स्प्रिंग असते. उभ्या पियानोत मात्र सगळी भिस्त स्प्रिंगवरच.

मग पेटीची स्प्रिंग कसून टाकावी? तेवढा जास्त जोर वादकाच्या बोटांना लागतो, आणि कीर्तन दोन तासांचं असतं. सगळ्या पट्ट्या सारख्या हलक्या हव्यात. त्यासाठी पट्टीच्या पुढच्या टोकावर एकेक नाणं ठेवून ती कितव्या नाण्याला दबते ते पाहावं; दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं. तार जराशी वाकवून सोडली तर पूर्ववत होते, म्हणून ताण वाढवायला लवचिकतेची हद्द ओलांडावी लागते. असं वारंवार केलं की तार थकते, एक दिवस मोडते.

आषाढात मात्र घाई नको. ओल पिऊन लाकूड फुगतं, पट्टी शेजारणीला घासते आणि परत येत नाही. कधी मांडवातलं एखादं कुसळ झाकणाखाली अडकतं. बिचारी स्प्रिंग निर्दोष! तेव्हा कसलेली पट्टी उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर दगडासारखी जड लागते. आधी पट्टी डावी-उजवीकडे हलवून बघावी. जराही हलली नाही, तर स्प्रिंगला हात लावू नये.